ऑनलाइन रूट गाइडमध्ये शिकवणारे व्हिडिओ कसे जोडावेत

रूट गाइड, म्हणजे कातळारोहणाच्या मार्गांचे वर्णन, साधारणपणे दोनदा वाचले जाते. पहिल्यांदा आदल्या रात्री, निवांत बसून, चांगल्या नेटवर्कवर; आणि दुसऱ्यांदा कातळाच्या पायथ्याशी, जिथे मोबाइलला रेंज असेलच असे नाही, स्क्रीनवर ऊन पडलेले असते आणि जोडीदार हार्नेस (दोर जोडण्याचा कमरेचा पट्टा) घालून खोळंबलेला असतो. व्हिडिओ पहिल्या वाचनाच्या वेळी फार उपयोगी पडतो. दुसऱ्या वेळी तो बहुधा उघडतच नाही. त्यामुळे एखाद्या मार्गाच्या पानावर व्हिडिओ जोडण्याआधी तो तिथे नाही असे समजून ते पान पुन्हा वाचून पाहावे. मार्गाची लांबी, लागणारा दोर, बोल्टची (कातळात पक्क्या बसवलेल्या खिळ्यांची) संख्या किंवा लागणारे गिअर, अँकरचा (माथ्यावर दोर अडकवण्याच्या रचनेचा) प्रकार, उतरण्याची पद्धत आणि सैल दगडांच्या जागा एवढी माहिती शब्दांत आलेली नसेल, तर आधी ती लिहावी. 'तपशील व्हिडिओत आहेत' असे लिहिलेले वर्णन अपुरे समजावे, मग व्हिडिओ कितीही चांगला असो.

शब्दांना जे जमत नाही ते मात्र व्हिडिओवर सोपवण्यास हरकत नाही. कंबर भिंतीकडे कशी वळवली, टाच कोणत्या क्षणी लावली, भेगेत मूठ अडकवताना अंगठा आत होता की बाहेर, दोर हातातून कसा सरकला, या गोष्टी तीन परिच्छेद लिहूनही नीट पोचत नाहीत आणि वीस सेकंदांच्या चित्रीकरणात सहज दिसतात. व्हिडिओ निवडताना किंवा तयार करताना त्याने वाचकाच्या कोणत्या एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर तो व्हिडिओ बहुतेकदा कोणाच्या तरी चढाईची आठवण असतो. आठवणींना जागा असावी, पण ती मार्गाच्या वर्णनात नसावी.

काय झाकावे, काय उघडे ठेवावे

आरोहकांमध्ये या विषयावरून सर्वांत जास्त वाद होतात ते बीटावरून, म्हणजे मार्गातील हालचालींच्या आगाऊ माहितीवरून. मार्ग पहिल्याच प्रयत्नात, कोणतीही आगाऊ माहिती न घेता आणि न पडता चढणे म्हणजे ऑनसाइट. तेच माहिती घेऊन केले तर तो फ्लॅश. हा फरक किरकोळ नाही. जर्मन आरोहक ॲलेक्स मेगोस याने मार्च २०१३ मध्ये स्पेनमधील सिउराना येथील 'एस्तादो क्रितिको' हा मार्ग ९ए या अत्यंत अवघड श्रेणीत ऑनसाइट केला, तेव्हा त्या श्रेणीतील तो पहिला ऑनसाइट म्हणून नोंदला गेला. चेक आरोहक ॲडम ओंड्रा याने फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्रान्समध्ये 'सुपर क्रॅकिनेट' हा ९ए+ श्रेणीचा मार्ग पहिल्याच प्रयत्नात चढला. ती चढाई त्या श्रेणीतील पहिला फ्लॅश म्हणून नोंदली गेली, कारण त्याने मार्गाची माहिती आधी गोळा केली होती. इतक्या वरच्या पातळीवर जो नियम पाळला जातो, तोच पहिल्यांदा ६ए या कितीतरी सोप्या श्रेणीचा मार्ग लीड करणाऱ्याला, म्हणजे दोर स्वतः वर नेत चढणाऱ्याला, लागू होतो. त्याला एखाद्या मार्गावर ऑनसाइटची संधी एकदाच मिळते, आणि आपल्या पानावर आपोआप सुरू झालेला व्हिडिओ ती संधी त्याला न विचारता हिरावून घेऊ शकतो.

यासाठी हालचाली दाखवणारा व्हिडिओ नेहमी घडीखाली ठेवावा, म्हणजे वाचकाने स्वतः दाबल्याशिवाय तो उघडू नये, आणि आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवावी. एवढे करूनही बऱ्याचदा गुपित फुटते ते मुखचित्रामुळे. व्हिडिओच्या मुखचित्रात सर्वांत थरारक क्षण निवडण्याची सवय असल्याने क्रक्सवरचा (मार्गातील सर्वांत अवघड जागेवरचा) आरोहक, त्याचा डावा हात आणि पायाची जागा हे सगळे घडी उघडण्याआधीच दिसून जाते. मुखचित्र म्हणून आरोहक नसलेल्या भिंतीचे छायाचित्र वापरावे. शीर्षकातही संयम हवा. 'छताखालील उलटी पकड आणि लांब झेप' या शीर्षकाने काहीच शिल्लक ठेवलेले नाही; 'तिसऱ्या आणि पाचव्या बोल्टमधील हालचाली' एवढे पुरते.

याच्या अगदी उलट नियम सुरक्षिततेच्या माहितीला लावावा. उतरण्याचा मार्ग, दोर अपुरा पडण्याची शक्यता, अँकरची रचना, डळमळणारा दगड, पहिल्या बोल्टपर्यंतचे असुरक्षित अंतर यांपैकी काहीही घडीखाली जाऊ नये. जे आधी कळल्याने केवळ आव्हान कमी होते ते झाकावे. जे न कळल्याने माणूस जखमी होऊ शकतो ते पानाच्या वरच्या भागात, उघडे आणि शब्दांत असावे. एकाच व्हिडिओत दोन्ही गोष्टी आल्या असतील, तर तो कापून दोन वेगळे व्हिडिओ करावेत. 'फक्त शेवटचा अर्धा मिनिट पाहा' अशी सूचना देऊन भागत नाही. पाहणारा सुरुवातीपासूनच पाहतो.

तंत्राचा सर्वसाधारण व्हिडिओ आणि विशिष्ट मार्ग

बिले कसा द्यावा (चढणाऱ्याचा दोर कसा सांभाळावा), क्विकड्रॉमध्ये (बोल्टला दोर जोडणाऱ्या जोडकडीमध्ये) दोर कसा अडकवावा, रॅपलिंगची (दोरावरून स्वतः खाली उतरण्याची) तयारी कशी करावी हे शिकवणारे उत्तम व्हिडिओ आज भरपूर उपलब्ध आहेत, आणि ते प्रत्येक मार्गाखाली चिकटवण्याचा मोह होतो. असे करू नये. सर्वसाधारण तंत्राचे व्हिडिओ त्या संपूर्ण परिसराच्या किंवा भिंतीच्या पानावर एकदाच द्यावेत, कारण विशिष्ट मार्गाखाली दिलेला व्हिडिओ वाचकाला न बोलता सांगत असतो की हीच पद्धत इथे चालते.

अँकरवरून खाली उतरण्याचे उदाहरण घेतले की यातील धोका स्पष्ट होतो. स्पोर्ट मार्गाच्या (बोल्ट आधीच बसवलेल्या मार्गाच्या) माथ्यावर पोचलेला आरोहक स्वतःला स्लिंगने (पट्ट्याच्या फासाने) दोन्ही बोल्टना जोडतो, बिलेवर कायम राहून थोडा दोर वर ओढतो, दोराचा दुमडलेला पदर अँकरच्या दोन्ही कड्यांमधून ओवतो, त्या पदराला आठाची गाठ मारून ती लॉकिंग कॅरॅबिनरने (दार बंद करून पक्के करता येणाऱ्या कडीने) हार्नेसच्या बिले लूपला लावतो आणि त्यानंतरच आपली मूळ गाठ सोडतो. मोकळे टोक कड्यांमधून ओढून घेतल्यावर तो नव्या गाठीवर वजन टाकून पाहतो आणि मग स्लिंग काढतो. या पद्धतीत तो दोरापासून एक क्षणही सुटलेला नसतो. पण ती जमते केव्हा, तर कडी दुहेरी दोर जाईल एवढी रुंद असेल तेव्हा. कडी अरुंद असेल किंवा साखळीचा शेवटचा दुवा लहान असेल, तर दोर निसटून खाली पडू नये म्हणून आधी तो स्वतःला अडकवून, मूळ गाठ सोडून, एकेरी टोक ओवून पुन्हा गाठ मारावी लागते. आणि त्या मधल्या वेळात आरोहक केवळ स्लिंगवर लटकलेला असतो. पहिल्या पद्धतीचा व्हिडिओ पाहून आलेला नवखा माणूस दुसऱ्या प्रकारच्या अँकरवर पोचला, तर त्याला तीस मीटर उंचीवर स्वतःच्या मनाने काहीतरी शोधून काढावे लागते. काही ठिकाणी कडी झिजलेली असल्याने दोरावरून खाली सोडण्याऐवजी रॅपल करावे अशी प्रथा असते, तीही असा व्हिडिओ सांगत नाही.

म्हणून मार्गाखाली तंत्राचा व्हिडिओ द्यायचाच असेल, तर आधी त्या मार्गाच्या अँकरचे जवळून घेतलेले छायाचित्र द्यावे, त्याखाली कडीचा प्रकार लिहावा आणि व्हिडिओतील अँकर त्याच्याशी जुळतो की नाही हे स्पष्ट लिहावे. वर पोचल्यावर खाली सोडायचे आहे की रॅपल करायचे आहे, हे आरोहक आणि बिले देणारा यांनी जमिनीवरच ठरवून घ्यावे, ही सूचनाही तिथेच द्यावी. या एका गैरसमजातून जीवघेणे अपघात झालेले आहेत. दोराच्या लांबीचा हिशेबही आकड्यांत लिहावा. ३२ मीटरच्या मार्गावरून खाली सोडण्यासाठी ६० मीटरचा दोर पुरत नाही, आणि दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ नसेल तर ते टोक बिले देणाऱ्याच्या उपकरणातून निसटून जाते. हे वाक्य लिहिण्यास व्हिडिओ लागत नाही.

व्हिडिओतील साधने कोणती आहेत तेही पाहावे. पेत्झल कंपनीचे ग्रिग्री हे बिले देण्याचे उपकरण १९९१ पासून बाजारात आहे आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांना चालणाऱ्या दोराची जाडी एकसारखी नाही. २०११ च्या आवृत्तीसाठी ती ८.९ ते ११ मिलिमीटर होती, तर २०१९ च्या आवृत्तीसाठी ८.५ ते ११ मिलिमीटर आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या व्हिडिओत दिसणारे उपकरण आणि वाचकाच्या हातातील उपकरण नावाने एकच असले तरी त्यांना चालणारा दोर तोच असेल असे नाही. व्हिडिओ कधी चित्रित झाला हे त्यासाठी दुव्याशेजारी लिहिणे आवश्यक आहे.

चित्रीकरण स्वतः करायचे असेल तर

बिले देणाऱ्याने चित्रीकरण करू नये. यावर चर्चेला जागा नाही, तरी हे लिहावे लागते, कारण एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात दोर असे चित्र कातळावर वारंवार दिसते. चित्रीकरण करणारी व्यक्ती तिसरी असावी, आणि ती भिंतीवर लटकून काम करणार असेल तर तिच्यासाठी स्वतंत्र अँकरवरचा स्वतंत्र दोर असावा.

जमिनीवरून थेट वर कॅमेरा धरला की आरोहकाच्या बुटांचे तळवे आणि पाठ यापलीकडे काही दिसत नाही. असे व्हिडिओ सर्वांत सोपे असल्यामुळे सर्वांत जास्त आहेत आणि शिकण्यासाठी त्यांचा उपयोग सर्वांत कमी आहे. हालचाल शिकवायची असेल तर कॅमेरा आरोहकाच्या बाजूला आणि शक्यतो त्याच्याच उंचीवर हवा. हेल्मेटवरचा कॅमेरा हात छान दाखवतो, परंतु पाय आणि कंबर त्याच्या चौकटीत क्वचितच येतात, आणि त्याच्या रुंद भिंगामुळे भिंत प्रत्यक्षापेक्षा सपाट भासते. भिंतीचा कल हा कोणत्याही कॅमेऱ्याच्या बाबतीत फसवा मुद्दा आहे. कॅमेरा थोडा तिरका धरला की ओव्हरहँगचा (बाहेर झुकलेल्या भिंतीचा) स्लॅब (मागे कललेली भिंत) होतो आणि स्लॅबचा ओव्हरहँग. यावर एक सोपा उपाय आहे: भिंतीला न टेकता मोकळा लोंबणारा दोर चौकटीत येऊ द्यावा. तो ओळंब्याचे काम करतो आणि पाहणाऱ्याला खरा कल लगेच कळतो.

हालचालींचा क्रम मध्ये कापू नये. संपादनात फक्त यशस्वी क्षण जोडले की पाय बदलण्याची नेमकी तीच पायरी गळते, जिच्यासाठी पाहणारा आलेला असतो. एखादा फसलेला प्रयत्न मुद्दाम ठेवावा आणि तो का फसला हे एका वाक्यात सांगावे. चढणाऱ्याची उंची आणि हातांचा फैलाव नोंदवणे हा वरवर क्षुल्लक वाटणारा तपशील आहे, पण १८५ सेंटिमीटर उंचीच्या आरोहकाने पाय न हलवता गाठलेली पकड १५५ सेंटिमीटर उंचीच्या आरोहकासाठी वेगळाच मार्ग असतो. शक्य असेल तर वेगळ्या बांध्याच्या दोन व्यक्तींचे व्हिडिओ एकमेकांशेजारी द्यावेत. तिसऱ्याची गरज सहसा पडत नाही. एका मार्गाखाली सात व्हिडिओ असले की वाचक त्यांतला सर्वांत आकर्षक उघडतो, सर्वांत उपयुक्त नव्हे.

चुकीची पद्धत दाखवताना विशेष काळजी घ्यावी. दोर भिंतीच्या बाजूने क्विकड्रॉमध्ये शिरून आरोहकाच्या दिशेने बाहेर यायला हवा. तो उलटा अडकवला तर पडताना कॅरॅबिनरच्या दारावर आदळून सुटू शकतो, हे दाखवण्यासाठी बरेच जण उलटा दोर जवळून दाखवतात. आवाजात 'हे चुकीचे आहे' असे सांगितलेले असते, पण व्हिडिओ अनेकदा आवाजाविना पाहिले जातात आणि त्यातले एखादे स्थिरचित्र कोणी वेगळे काढून पुढे पाठवले की सूचना मागे राहते. चुकीचे दृश्य जितका वेळ पडद्यावर आहे तितका पूर्ण वेळ त्यावर ठळक लाल फुली आणि 'चूक' हा शब्द असावा.

पार्श्वसंगीत शक्यतो टाळावे. हक्कसंरक्षित संगीतामुळे आवाज बंद केला जाण्याची किंवा व्हिडिओ अडवला जाण्याची शक्यता असते, हे एक कारण. दुसरे आणि महत्त्वाचे कारण असे, की आरोहक आणि बिले देणारा यांच्यातील हाका हाही शिक्षणाचाच भाग आहे, आणि ढोल-गिटारच्या गदारोळात त्या ऐकू येत नाहीत. त्या हाका आणि निवेदन दोन्ही उपशीर्षकांत लिहावे. यंत्राने तयार केलेली उपशीर्षके आरोहणाचे शब्द हमखास चुकीचे टिपतात, म्हणून ती प्रसिद्ध करण्यापूर्वी ओळीओळीने तपासावीत.

परवानगी आणि जागा

दुसऱ्याचा व्हिडिओ उतरवून घेऊन आपल्या खात्यावर पुन्हा चढवणे आणि त्याच्या मूळ जागेवरून तो पानावर दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी मालकाची स्पष्ट परवानगी किंवा तशी मुभा देणारा परवाना लागतो. दुसऱ्यात व्हिडिओ मालकाच्याच ताब्यात राहतो, तो हवा तेव्हा काढू शकतो किंवा इतर पानांवर दाखवण्याची सोय बंद करू शकतो. यूट्यूबवर चढवणाऱ्याला प्रमाणित परवाना आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेय देऊन वापरण्याचा परवाना यांपैकी एक निवडता येतो, तेव्हा वर्णनात तो पाहून घ्यावा. रूट गाइडचा मजकूर खुल्या परवान्याखाली असला म्हणजे त्यात दाखवलेला व्हिडिओ खुला होत नाही. कँपटूकँप या आरोहणमार्गांच्या संकेतस्थळावरील सामूहिक मजकूर श्रेय देऊन आणि त्याच अटींवर वापरता येतो. त्याच पानावर दुसरीकडून आलेल्या व्हिडिओला मात्र त्याच्या मालकाच्याच अटी लागू राहतात. परवान्याची गरज नसली तरी मालकाला एक निरोप जरूर पाठवावा. त्यात शिष्टाचार आहेच, शिवाय त्या मार्गाबद्दल व्हिडिओत न आलेली माहिती त्याच्याकडून मिळण्याची शक्यता असते. चौकटीत ओळखू येणाऱ्या व्यक्तींची संमती घ्यावी, आणि मुले असतील तर त्यांच्या पालकांची.

काही जागा अशा असतात की तिथले चित्रीकरणच वेगळ्या विचाराने करावे लागते. कड्यांवर घरटी करणाऱ्या शिकारी पक्ष्यांसाठी अनेक भिंती विणीच्या काळात बंद असतात. बंद काळात केलेल्या चढाईचा व्हिडिओ जोडला तर वाचक त्याचा अर्थ 'चालते' असाच घेतो. ड्रोनच्या बाबतीत स्थानिक नियम आधी तपासावेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोन उडवण्यास मनाई आहे, आणि योसेमिटीसारखे जगप्रसिद्ध कडे त्यात येतात. पायथ्यापर्यंतची वाट खासगी जमिनीतून जात असेल तर घरे, फाटके आणि गाड्यांचे क्रमांक चौकटीतून वगळावेत, आणि फाइलमध्ये आपोआप नोंदली जाणारी स्थाननोंद प्रसिद्धीपूर्वी काढून टाकावी.

दुवा देताना आणि दिल्यानंतर

व्हिडिओ लांब असेल तर दुवा नेमक्या क्षणापासून सुरू होणारा द्यावा. यूट्यूबच्या शेअर चौकटीत सुरुवातीची वेळ निवडण्याची सोय आहे. व्हिडिओ स्वतःचा असेल तर त्याचे भाग पाडावेत. त्यासाठी वर्णनात वेळांची यादी लिहावी लागते: पहिली वेळ ००:०० असावी, किमान तीन वेळनोंदी चढत्या क्रमाने असाव्यात आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा असावा. पायथ्याशी पाहता यावी म्हणून छोटी फाइल वेगळी ठेवणे उपयोगी ठरते. १०८० रेषांच्या चित्रीकरणासाठी सेकंदाला ८ मेगाबिट हा दर धरला, तर दोन मिनिटांचा व्हिडिओ सुमारे १२० मेगाबाइट होतो. क्षीण नेटवर्कवर तो उतरवणे अवघडच. त्याऐवजी कमी दर्जाची प्रत किंवा क्रमाने मांडलेली चार-पाच स्थिरचित्रे पुष्कळदा अधिक कामाला येतात.

दुव्याशेजारी लिहायची ओळ साधारण अशी असावी (पिच म्हणजे मार्गाचा एक टप्पा): 'दुसरी पिच, डावीकडची आडवी चाल, १ मिनिट १० सेकंद, चित्रीकरण फेब्रुवारी २०२३, कोरडा कातळ, आरोहकाची उंची १६२ सेंटिमीटर, हालचाली उघड होतात, अँकर यानंतर बदललेला असल्यास व्हिडिओतील पद्धत वापरू नये.' या ओळीसोबत व्हिडिओचे मूळ शीर्षक आणि तो तयार करणाऱ्याचे नावही लिहावे, कारण उद्या दुवा तुटला तर त्यावरूनच तो पुन्हा शोधता येतो.

जोडलेल्या व्हिडिओची जबाबदारी जोडणाऱ्यावर राहते. आरोहणाचा प्रत्येक हंगाम सुरू होण्यापूर्वी आपण दिलेले सर्व दुवे उघडून पाहावेत. पकड तुटली असेल, बोल्ट बदलले असतील किंवा उतरण्याचा मार्ग हलवला असेल, तर जुना व्हिडिओ मुकाट्याने तसाच राहू देऊ नये. हालचालींचा असेल तर त्यावर 'पकड तुटण्यापूर्वीचा' असा शेरा आणि तारीख टाकून तो ठेवता येतो, कारण मार्गाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याला मोल असते. सुरक्षिततेचा असेल तर तो त्याच दिवशी काढावा, आणि त्या जागी तो का काढला, कधी काढला आणि आता माथ्यावर कोणती रचना आहे हे दोन ओळींत लिहावे. ज्यांनी तो आधी पाहून ठेवला आहे ते पुन्हा पानावर आले, तर त्यांना रिकामी जागा दिसण्याऐवजी बदल दिसतो.